पळसवेल: खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

होळी जवळ आली की सातपुड्यात पळस पेटतो आणि आमच्याकडे फोटो यायला लागतात. पाल, यावल, शिरपूर, धडगाव, अक्कलकुवा, कुठूनही. त्यातले बहुतेक साध्या पळसाचे असतात, थोडे वेगळ्याच वेलींचे असतात, आणि एखाद्या वर्षी एखादा खरोखर पळसवेलीचा निघतो. विचारणारे बदलतात, प्रश्न तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. एक उत्तर दुसऱ्याला जिथे लागतं, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पळसवेल म्हणजे पळसच वेलीसारखा वाढलेला, की ही जातच वेगळी?

जातच वेगळी. दोघांची प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट (जीनस), एक: ब्युटिया. झाड होतं तो पळस, म्हणजे ब्युटिया मोनोस्पर्मा. मोठ्या झाडांना विळखा घालत वर जाते ती पळसवेल, म्हणजे ब्युटिया सुपर्बा. पळसाला आधार मिळाला म्हणून त्याची वेल होत नाही, आणि पळसवेलीचा आधार काढून घेतला म्हणून तिचं झाड होत नाही. अहिराणीत पळसाला ‘पयस’ म्हणतात, म्हणून काही जण हिला ‘पयसयेल’ म्हणतात. संस्कृतात ती लतापलाश. गुजरातीत पळस म्हणजे खाखरो, म्हणून सीमेपलीकडे डांगात ती वेलखाखरो. तेलुगूतल्या नावाचा अर्थही ‘वेलीचा पळस’ असाच आहे. एवढ्या भाषांतल्या लोकांनी स्वतंत्रपणे तेच पाहिलं: फूल पळसाचं, चाल वेलीची.

२. फुलं अगदी सारखीच दिसतात. मग ओळखायचं कसं?

फुलावरून नजर काढा आणि ती फांदी कुठून आली ते शोधा. आमच्याकडे येणाऱ्या फोटोंत फुलांचे घोस भरपूर असतात, बुंधा मात्र जवळपास कधीच नसतो. ओळख तर बुंध्याशीच पक्की होते.

पळसाचं खोड वेडंवाकडं, गाठींचं आणि खरबरीत सालीचं असतं, पण ते स्वतःच्या पायावर उभं असतं. पळसवेलीचं खोड जमिनीतून निघून शेजारच्या झाडाला वेढे घेत जातं. जुन्या वेलीचं खोड मांडीएवढं जाड होतं. फुलं थेट माथ्यावर, आधार देणाऱ्या झाडाच्या शेंड्यात लागतात. त्यामुळे ऐन किंवा धावड्यालाच केशरी फुलं आल्यासारखं वाटतं. असं ‘चुकीच्या झाडावर पळस फुललेला’ दिसला की खाली वाकून बघायचं.

पानं दोघांचीही त्रिदली असतात, ‘पळसाला पानं तीनच’ ही म्हण वेलीलाही लागू पडते. फरक आकारात आहे. वेलीची पर्णिका बरीच मोठी होते आणि मधली तर हातभर लांबही होऊ शकते. फूलही सहसा पळसाच्या फुलापेक्षा थोडं लांब असतं. पण कोवळ्या पळसाच्या जोरदार फुटव्यांनाही प्रचंड पानं येतात, म्हणून नुसत्या पानावरून निकाल देऊ नका. लहान रोपांची अडचण वेगळी आहे, ती प्रश्न १५ मध्ये पाहा.

३. ही शेंगवर्गीय कशी? तुरीसारखी शेंग तर कुठे दिसत नाही.

शेंग असते, फक्त ओळखू येत नाही. फुलं गळल्यावर वेलीवर चपट्या, लवदार, फिकट हिरव्या पापड्या लोंबतात आणि वाळल्या की तपकिरी होतात. एक पापडी हातात घ्या. देठाकडचा सगळा भाग पातळ, कागदासारखा असतो. टोकाशी फुगीर जागा लागते, तिच्यात एकच चपटं बी असतं. हीच शेंग. तुरीच्या शेंगेसारखी ती तडकून उघडत नाही, तर अख्खीच्या अख्खी वाऱ्यावर गरगरत जाते. पातळ भाग पंखाचं काम करतो.

फुलातही शेंगवर्गीयांची ठेवण पुरती दिसते. पाच पाकळ्यांपैकी एक मागे वळलेली पताका, बाजूला दोन पंख, आणि उरलेल्या दोन जुळून झालेलं बाकदार नौतल. नौतल उघडलं की आत दहा पुंकेसर सापडतात: नऊ एकत्र जुळलेले, दहावा सुटा. उडदाचं फूल भिंगाखाली धरलं तर हीच मांडणी नखाएवढ्या आकारात दिसते. पळसवेल पारंपरिक वर्गीकरणात ज्या गणात बसते, त्याच गणात मूग, उडीद, चवळी, वाल आणि तूर आहेत. कळण्याच्या भाकरीतला उडीद आणि सातपुड्यातली ही महावेल भाऊबंद आहेत.

पळसाला ‘किंशुक’ म्हणतात ते याच बाकदार नौतलामुळे. ‘हा पोपट तर नव्हे?’ असा त्या शब्दाचा अर्थ लावतात.

४. शास्त्रीय नाव कुणी दिलं आणि केव्हा?

विल्यम रॉक्सबर्ग यांनी, 1795 मध्ये. रॉक्सबर्ग स्कॉटिश वैद्य, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. आंध्र किनाऱ्यावर सामलकोटजवळ त्यांनी वर्षानुवर्षं वनस्पती गोळा केल्या आणि भारतीय चित्रकारांकडून त्यांची चित्रं काढून घेतली. पुढे कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरच्या त्यांच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात पळस आणि पळसवेल पाठोपाठ येतात: पळस 21व्या चित्रात, पळसवेल 22व्या.

‘सुपर्बा’ म्हणजे भव्य, दिमाखदार. पूर्ण फुललेली पळसवेल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या नावाबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

५. पळसाच्या नावापुढे कंसात लामार्क आणि बाहेर टाऊबर्ट असतं. पळसवेलीपुढे एकटा रॉक्सबर्ग. असं का?

कंस म्हणजे त्या नावाचा प्रवास. लामार्क यांनी 1780च्या दशकात पळसाचं वर्णन केलं, पण त्यांनी त्याला पांगाऱ्याच्या प्रजातीत, एरिथ्रायनात टाकलं आणि नाव दिलं एरिथ्रायना मोनोस्पर्मा. मोनोस्पर्मा म्हणजे एकबीजी. पांगाऱ्याच्या शेंगेत अनेक बिया असतात, त्यांच्या पंगतीत एकच बी असलेला हा उठून दिसणारच.

पुढे पळस ‘ब्युटिया फ्रोंडोसा’ या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि ते नाव शंभर वर्षं चाललं. जुन्या आयुर्वेदाच्या पुस्तकांत अजूनही तेच सापडतं. पण नामकरणाचा नियम असा की जातीचं सर्वांत जुनं वैध नाव टिकतं. म्हणून 1894 मध्ये टाऊबर्ट यांनी लामार्कचा ‘मोनोस्पर्मा’ हा शब्द ब्युटिया प्रजातीत आणला. मूळ नाव देणारा कंसात आणि घर बदलून देणारा बाहेर, ही पद्धत तिथली.

पळसवेल पहिल्या दिवसापासून आज जिथे आहे त्याच घरात आहे, म्हणून तिच्या नावाला कंस नाही. एक गोष्ट विद्यार्थ्यांना हमखास फसवते: ‘मोनोस्पर्मा’ हा शब्द या दोघांत फरक करत नाही, कारण पळसवेलीची शेंगही एकबीजीच असते (प्रश्न ३). नाव म्हणजे वर्णन नव्हे. ते त्या जातीवर लावलेलं लेबल असतं.

६. ब्युटिया हे नाव एका इंग्रजी सरदाराचं आहे म्हणे. आपल्या पळसाचं नाव का नाही ठेवलं?

ठेवलं होतं! हा प्रश्न आला की मला दर वेळी थोडी हळहळ वाटते. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, 1678 ते 1693 या काळात. त्याच्या सहाव्या खंडात पळस ‘प्लासो’ या नावाने येतो. 1763 मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ अदांसाँ यांनी तोच शब्द उचलून प्लासो ही प्रजाती केली. म्हणजे आपल्या बोलीतलं नाव शास्त्रात पोचलं होतं.

ब्युटिया हे नाव ब्रिटनचे एके काळचे पंतप्रधान आणि वनस्पतिशास्त्राचे आश्रयदाते जॉन स्टुअर्ट, अर्ल ऑफ ब्यूट यांच्यावरून आलं. ते प्लासोनंतरचं आहे. जुनं नाव टिकतं या नियमाने प्लासोच चालायला हवं होतं, आणि 1891 मध्ये कुंट्झे यांनी पळसवेलीला प्लासो सुपर्बा करूनही पाहिलं. पण तोवर ब्युटिया जगभर रुळलं होतं. अशा रुळलेल्या नावांसाठी नामकरणसंहितेत ‘संरक्षित नावां’ची सोय आहे. तिच्याखाली ब्युटिया राखलं गेलं आणि प्लासो नाकारलेल्या नावांत गेलं. जुन्या कागदांत प्लासो सुपर्बा दिसलं तर ती हीच वेल.

ऱ्हीडचा सहावा खंड 1686चा, मग त्यातलंच नाव सर्वांत जुनं का नाही, असंही विचारतात. वनस्पतींच्या नावांची मोजणी 1753 पासून, लिनियसच्या ग्रंथापासून सुरू होते. त्याआधीचं काहीही धरत नाहीत.

७. कुळाचं नाव कुठे फॅबेसी, कुठे लेग्युमिनोसी. बरोबर कुठलं?

दोन्ही. संहितेने दोन्ही नावं मान्य केली आहेत, परीक्षेत कुठलंही लिहा. सुमारे 765 प्रजाती आणि साडेएकोणीस हजार जातींचं हे कुळ आहे. पूर्वी त्याचे तीन उपकुळांत भाग करायचे, 2017च्या मांडणीत सहा झाले. त्या उलथापालथीत पळसवेलीचं उपकुळ, पॅपिलिओनॉइडी, जागेवरच राहिलं.

८. ही वेल चढते कशी? ताणे दिसत नाहीत.

ताणे नसतातच. कोवळा शेंडा हवेत गोल फिरत राहतो आणि आधार लागला की त्याला विळखा घालतो. वालाची वेल मांडवाच्या काठीवर चढते तशीच. काही वर्षांत तो विळखा लाकडाचा होतो.

९. आमना बांधवर एक येल शे, पाने पयसना सारखा. ती पयसयेल शे का?

हा प्रश्न धुळ्याकडून आला आणि आला तसाच ठेवला आहे. बांधावर, शेताच्या कडेला किंवा नाल्याच्या काठी पळसासारख्या तीन पानांची वेल दिसली, तर ती बहुधा घोडवेल असते. तिलाच भुईकोहळा किंवा विदारीकंद म्हणतात. शास्त्रीय नाव प्युरेरिया ट्यूबरोसा. तीही शेंगवर्गीयच, आणि पानगळ झाल्यावर फुलते, त्यामुळे गोंधळ वाढतो. पण तिचं फूल निळंजांभळं आणि लहान असतं. शेंग चपटी, केसाळ आणि बियांच्या मध्ये आवळलेली असते, आणि आत एकाहून जास्त बिया असतात. पळसवेलीच्या एकबीजी पापडीशी ती कुठेच जुळत नाही.

फूल केशरी असेल आणि बुंधा वेढे घेत गेलेला असेल, तरच पुढे जा.

१०. एका पुस्तकात पळसवेलीला पांढरट, बारीक फुलं लिहिली आहेत. चूक आहे का?

चूक नसावी, वेल दुसरी असावी. पळसवेल हे नाव काही भागांत स्पॅथोलोबस पार्व्हिफ्लोरस या वेलीलाही देतात. तीही प्रचंड वाढते, तीन पानांची असते, तिच्या खोडातूनही लाल चीक येतो, शेंगही एकबीजी आणि पंखाची. रॉक्सबर्ग यांनी तिला ब्युटियातच घातलं होतं, ब्युटिया पार्व्हिफ्लोरा म्हणून. ‘पार्व्हिफ्लोरा’ म्हणजे लहान फुलांची. नंतर ती स्पॅथोलोबस प्रजातीत गेली. म्हणजे लोकांनी नावात केलेला घोळ शास्त्रज्ञांनीही केला होता, आणि दोघांच्याही डोळ्यांसमोर कारण तेच होतं: शेंग.

निर्णय फुलावर होतो. मोठ्या, फांद्याफांद्यांच्या तुऱ्यात बारीक पांढरट-गुलाबी फुलं असली तर स्पॅथोलोबस. बोटभर लांब, केशरी, मखमली फुलं असली तर पळसवेल. हा सगळा गट नीट तपासून एम. संजप्पा यांनी 1987 मध्ये ब्युटिया आणि तिच्या जवळच्या मायझोट्रोपिस या प्रजातीचा पुनरावलोकन-लेख लिहिला. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तो मिळवून वाचावाच.

११. माहूल म्हणजेच पळसवेल का?

नाही. माहूलही शेंगवर्गीय महावेल आहे (बॉहिनिया व्हाली), पण तिचं पान आपट्यासारखं दुभंगलेलं असतं, फुलं पांढरी असतात, आणि तिला ताणे असतात.

१२. पिवळ्या फुलांची पळसवेल असते का?

पिवळ्या फुलांचा असतो तो पळस, झाड. त्याला ल्यूटिया हा प्रकार म्हणतात. तो जातीच्या आतला रंगभेद आहे, वेगळी जात नाही. पिवळा पळस सापडला म्हणून त्याच्या मुळाशी खणणाऱ्यांच्या, साल सोलणाऱ्यांच्या गोष्टी खान्देशात जागोजागी ऐकू येतात. त्याला गुप्तधन आणि मंत्रतंत्र चिकटवल्याने ती झाडं मरतात. अशा झाडाचा फोटो कृपा करून गावाच्या नावासह पसरवू नका.

१३. पळसवेल दुर्मीळ आहे असं म्हणता, पण म्यानमार-थायलंडात तर ती खूप आहे म्हणतात. मग दुर्मीळ कशी?

दोन्ही खरं. भारतापासून व्हिएतनामपर्यंत तिचा पसारा आहे, त्यामुळे जगाच्या पातळीवर ती नष्ट होण्याच्या वाटेवर आहे असं मी म्हणणार नाही. खान्देशात मात्र ती मोजक्या ओल्या दऱ्यांत उरली आहे. तापीकाठच्या काळ्या शेतजमिनीत ती मिळणार नाही. तिला सातपुड्याच्या घळी लागतात, जिथे उन्हाळ्यातही खाली गारवा असतो आणि चढायला जुनी, उंच झाडं असतात. जंगल पातळ झालं की पळस वाढतो, कारण त्याला ऊन चालतं, गुरं त्याचा पाला सहसा खात नाहीत आणि तोडला तरी तो मुळातून फुटतो. पळसवेलीचं उलट आहे. आधाराचं झाड गेलं की तीही जाते.

शिवाय एक जुनं कारण आहे. वनशास्त्रात मोठ्या वेलींना लाकूड बिघडवणाऱ्या म्हणून धरलं जायचं. सागाला विळखा बसला की खोड वाकडं होतं, म्हणून ठरावीक वर्षांनी वेलतोड व्हायची. माहूल आणि पळसवेल या यादीत वरच्या होत्या.

मी दर वर्षी काठी गावच्या होळीच्या सुमारास एका वेलीला भेटायला जायचो. एका वर्षी लांबूनच कळलं, माथ्यावर केशरी काहीच नव्हतं. जवळ गेलो तर गुडघ्याच्या उंचीवर कोयत्याचे दोन घाव होते. घावातून लाल चीक ओघळून सालीवर गोठला होता, डाळिंबाच्या दाण्यासारखे त्याचे थेंब झाले होते. वर सगळी वेल वाळून तारेसारखी लटकत होती. तोडणाऱ्याचा राग मला आला नाही. त्याला ती फक्त ‘येल’ म्हणून माहीत होती. दोन पावसाळ्यांनी बुडातून फुटवा आलेला पाहिला. त्याला अजून फूल आलेलं नाही.

१४. तिच्या कंदाची पावडर पुरुषांसाठी ताकदीची म्हणून ऑनलाइन विकतात. आपल्याकडची खणून वापरली तर?

खणू नका आणि खाऊही नका. थायलंडात या वेलीच्या मुळांचा असा वापर जुना आहे आणि त्यावरच हा बाजार उभा आहे. तिचा परिणाम संप्रेरकांवर होऊ शकतो, मात्रा ठरलेली नाही, आणि बाजारातल्या पावडरीत नेमकं काय आहे ते डब्यावरून कळत नाही. मुळं खणली की वेल मरते. पळसपापडी, म्हणजे पळसाचं बी, जंतांवर देतात म्हणून हिचं बीही तसंच चालेल, असंही कुणी गृहीत धरू नये.

१५. जंगलात पळसाच्या झुडपासारखं रोप आहे, आधार काहीच नाही. ते पळसवेलीचं असू शकतं का?

असू शकतं, आणि सगळ्यात कठीण ओळख हीच. पळसवेलीचं रोप सुरुवातीला आधाराशिवाय झुडपासारखं उभं राहतं. पण जोर धरला की त्यातून एखादी लांब, सडसडीत फांदी निघते, तिच्या पानांमध्ये अंतर जास्त असतं आणि टोक हवेत वळलेलं असतं. पळसाचे फुटवे असं कधी करत नाहीत, ते ताठ आणि दाट राहतात. अशी फांदी दिसली नाही तर त्या वर्षी नाव देऊ नका. पुढच्या पावसाळ्यानंतर परत जा.

उलटा फसवा प्रकारही असतो: जुना पळस दुसऱ्या झाडावर रेललेला, आणि दोघांच्या फांद्या गुंतलेल्या. अशा वेळी बुंध्यापर्यंत हात लावत जा. विळखा नसेल तर तो पळसच.

१६. तुम्ही पाहिलेल्या वेली नेमक्या कुठे आहेत?

प्रश्न १२ आणि १४ वाचल्यावर कारण लक्षात येईल. जागा जाहीर सांगत नाही. अभ्यासासाठी हवी असेल तर मार्गदर्शक प्राध्यापकांच्या पत्रासह विचारा. वेल तुमच्या गावाच्या सामूहिक वनहक्काच्या क्षेत्रात असेल, तर ग्रामसभेच्या लोकजैवविविधता नोंदवहीत तिचं नाव घाला, स्थानिक बोलीतल्या नावासकट. पावरी आणि भिलीतली नावं आम्हालाही हवी आहेत.

१७. हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, नमुना घेता येईल का?

यावल किंवा अनेर अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय नाही. इतरत्रही, वेल एकच असेल तर फोटो पुरेत. परवानगी असेल तर फुलांची एक छोटी फांदी आणि नंतर खाली पडलेल्या शेंगा घ्या. पान कागदात मावत नाही म्हणून विद्यार्थी पर्णिका तोडून टाकतात, तसं करू नका. घडी घाला, म्हणजे मोजमाप राहतं. खोडाचा घेर, आधाराचं झाड कोणतं आणि वेल किती उंच गेली, हे नोंदीत लिहाच. वाळलेल्या नमुन्यात फूल काळवंडतं आणि ‘वेल’ ही गोष्टच हरवते. चिठ्ठीवर ते लिहिलेलं नसेल, तर पन्नास वर्षांनी कुणीतरी त्या कागदाला पळस म्हणेल.

फोटो काढताना चार हवेत: बुंधा, विळखा, अखंड पान (बाजूला पट्टी किंवा पेन ठेवून), आणि फूल एका बाजूने.

१८. पडलेल्या शेंगा मिळाल्या तर रोप करता येईल का?

मिळाल्या त्याच हंगामात लावा. डब्यात ठेवून पुढच्या वर्षाची वाट पाहू नका, बी जुनं झालं की भरवसा राहत नाही. बी सोलून काढायची गरज नाही, पापडी आहे तशी मातीत तिरपी दाबा आणि बियाचं टोक मातीखाली जाऊ द्या. उंच पिशवी वापरा, कारण मूळ खोल जातं. जागा मात्र आधी ठरवा. अंगण किंवा कंपाउंड नको, जवळ जुनं, भक्कम झाड हवं, आणि ते झाड पुढची पन्नास वर्षं कुणी तोडणार नाही एवढी खात्री हवी. सागाच्या लागवडीत तर लावूच नका. तिथे ती मोठी झाली की पुन्हा कुणीतरी कोयता घेऊन येईल.